दहा जिंकले, अकरावा उरला

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलूया महिला फुटबॉलच्या इंडियन विमेन्स लीगच्या २०२१-२२ च्या हंगामाविषयी. संघ १२, शहर एकच, भुवनेश्वर. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं. म्हणजे वाट्याला ११ सामने, एकूण ६६. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. पुन्हा सांगतो, अंतिम सामना नाही.

१५ एप्रिलला सुरुवात, २६ मेला शेवट. सरासरी चार दिवसांनी एक सामना, तोही ओडिशातल्या वैशाखात. उकाडा फार असला की पंच दीड ते तीन मिनिटं खेळ थांबवू शकतात, पण साचलेला थकवा तेवढ्यात जात नाही. मुंबईचा पिफा आणि गोव्याचा शिरवडे स्पोर्ट्स क्लबही यात होते. बारा-तेरा जणींवरच सगळी भिस्त ठेवणारा संघ अशा वेळापत्रकात सहाव्या-सातव्या सामन्यापासून मागे पडू लागतो.

आता खरी गंमत. वेळापत्रकात अगदी शेवटी आमनेसामने कोण? केरळचा गोकुलम आणि तमिळनाडूचा सेतू. दोघांनीही दहापैकी दहा सामने जिंकलेले. इकडे ३० गुण, तिकडे ३० गुण! नियमात नसलेला अंतिम सामना आपोआप तयार झाला.

फक्त गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधलं अंतर, गोकुलमचा सरस होता. बरोबरी झाली तरी करंडक त्यांचा, सेतूला मात्र जिंकणंच भाग. बरोबरी पुरेशी असलेला संघ बऱ्याचदा मागे सरकतो, मधली जागा सोडतो आणि तिथेच फसतो. कलिंगा स्टेडियमवर तर हिशेब मांडायलाही वेळ मिळाला नाही. तिसऱ्याच मिनिटाला सेतूच्या रेणूने गोल केला. ०-१! आता धावाधाव गोकुलमची. चौदाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. मारायला कोण आली? आशालता देवी, बचावफळीतली. चेंडू जाळ्यात, १-१. तेहतिसाव्या मिनिटाला घानाच्या एल्शद्दाईचा गोल, चाळिसाव्याला मनीषा कल्याणचा. मध्यंतराला ३-१, आणि शेवटीही ३-१. अकरापैकी अकरा विजय, ३३ गुण. २०१९-२० चा करंडकही गोकुलमकडेच होता, मधला हंगाम कोरोनाने खाल्ला.

जाता जाता एक बोलतोच. वर्तमानपत्रं महिलांच्या सामन्याचा निकाल दोन ओळींत छापतात आणि गोल कुणी केला ते गाळतात. जागा नाही म्हणे! पुरुषांच्या सराव सामन्याला मात्र फोटोसकट जागा असते.

या विजेतेपदामुळे गोकुलमला आशियाई क्लब स्पर्धेचं तिकीट मिळालं. ऑगस्टमध्ये संघ ताश्कंदला पोहोचला, आणि जागतिक संघटना फिफाने भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातली, म्हणजे भारतीय क्लबनाही आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद. कारण महासंघाच्या कारभारातला बाहेरचा हस्तक्षेप. मुलींचा त्यात काडीचा संबंध नव्हता. २६ तारखेला बंदी उठली, तोवर स्पर्धा हातची गेली होती. मनीषा तेव्हा सायप्रसच्या अपोलोन क्लबमध्ये दाखल झाली होती. त्याच महिन्यात ती युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

२०२३-२४ मध्ये लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर झाली. त्या वर्षी संघ सातच होते, सामने प्रत्येकी बारा, आणि करंडक ओडिशा एफसीने नेला.