राजाबाईचा मनोरा, कावसजींचं सभागृह

(दृश्य: ओव्हल मैदानापलीकडून मनोरा)

उंची 280 फूट. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातला हा मनोरा 1878 मध्ये पुरा झाला. ज्यांचं नाव त्याला आहे, त्या राजाबाई म्हणजे देणगीदाराची आई.

(दृश्य: घड्याळाची तबकडी)

देणगीदार प्रेमचंद रायचंद, शेअरबाजारातले बडे दलाल. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत, 1864 मध्ये, त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. त्या देणगीबरोबर कुणाचं नाव द्या असं सांगितलं नव्हतं. थोड्याच दिवसांत आणखी दोन लाख, आणि या वेळी पत्रात सगळं नेमकं: मनोरा हवा, त्यात मोठं घड्याळ आणि घंटा हव्यात, वास्तुरचनेला बाध येत नसेल तर तो ग्रंथालयाला जोडून बांधावा आणि नाव आईचं द्यावं. चारही गोष्टी झाल्या. खालचं ग्रंथालय आजही नुसतं विद्यापीठाचं ग्रंथालय आहे.

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. पायाभरणी झाली 1869 मध्ये.

(दृश्य: दीक्षान्त सभागृह, रंगीत काचांची गोल खिडकी, मग बागेतला पुतळा)

शेजारचं दीक्षान्त सभागृह 1874 चं. इथे एक लाख रुपये सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचे, म्हणून सभागृहाला नाव त्यांचं. बागेतला पुतळाही त्यांचाच. दोन्ही इमारतींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला.

(दृश्य: मनोऱ्यावरच्या मूर्ती, जवळून)

आता वर पाहा. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या 24 मूर्ती, प्रत्येकी सुमारे आठ फूट. पागोटं बांधण्याची तऱ्हा वेगळी, अंगरख्याचा घोळ वेगळा. भिंतींना कुर्ल्याचा दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा. पोरबंदरचा दगड मऊ, छिन्नीला चटकन वश होतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि मुंबईच्या पावसात आधी झिजतो तोही हाच. नाकं, बोटं, कपड्यांच्या कडा बोथट होतात त्या त्यामुळे. या मूर्ती घडवल्या सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. संकुलातल्या एकाही इमारतीला त्यांचं नाव नाही. एखाद्या दालनाला द्यायला काय हरकत आहे?

(दृश्य: कलिना संकुल)

कलिन्यात देणगीदार मागे पडले. संकुल विद्यानगरी, ग्रंथालय जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं. 1996 मध्ये विद्यापीठाच्या नावातलं ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ आलं. राजाबाई आणि कावसजी जागेवर राहिले.