दोन बोटं पेट्रोल

नमस्कार, श्रोतेहो.

आज स्टुडिओत येताना मी चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी प्लॅस्टिकचं एक पातळ झाकण ठेवून आणलंय. करंगळीपेक्षा थोडं लांब, वरून हिरवं-करडं. एका विमानाच्या इंजिनावरचं ते झाकण. विमान घरी, डोंबिवलीला, कपाटावर आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३५ सेंटिमीटर भरतं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ते हातात धरून चढायची हिंमत झाली नाही, म्हणून झाकणावर भागवलं.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा कपाटाकडे बघून विचारतो, "उडतं का हो?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग एवढं कशाला?" आमच्या वहिनी तर म्हणाल्या, "भावजी, एवढ्या वेळात खरं विमान चालवायला शिकला असतात." मॉडेल जोडायला अकरा महिने लागले होते, त्यामुळे त्यांना उलट उत्तर देणं जमलं नाही.

विमान आहे स्पिटफायर, मार्क नाइन. मार्क म्हणजे आवृत्ती. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, एकट्या माणसाने उडवायचं. मूळ आराखडा सुपरमरीन कंपनीच्या आर. जे. मिचेल यांचा. पहिलं उड्डाण ५ मार्च १९३६ चं. मिचेल पुढच्याच वर्षी गेले, ४२ व्या वर्षी. ज्या युद्धामुळे त्यांचं विमान घरोघरी माहीत झालं, ते युद्ध त्यांनी पाहिलंच नाही. मार्क नाइन ही खरं तर घाईघाईने केलेली तात्पुरती सोय होती. १९४१ मध्ये जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० आलं आणि तेव्हाचं मार्क फाइव्ह त्याच्यापुढे तोकडं पडायला लागलं. नवं विमान घडवायला सवड नव्हती. मग जुन्याच सांगाड्यात रोल्स-रॉइसचं नवं मर्लिन इंजिन बसवलं. १२ सिलिंडर, २७ लिटर, आणि हवा एकदा नाही तर दोनदा दाबून आत सोडणारा सुपरचार्जर. उंचावर हवा विरळ झाली की इंजिनाला धाप लागते, तशी ती याला लागेना. नाक जरा लांबलं, पुढचा पंखा चार पात्यांचा झाला, आणि जुलै १९४२ मध्ये विमान लढाईवर गेलंसुद्धा. तात्पुरती सोय पुढे हजारोंनी बनली. आपल्याकडे भाड्याची खोली म्हणून घेतात आणि तिथेच नातवंडांची बारशी होतात, तसं.

मॉडेल एकास बत्तीस मापाचं. खऱ्या विमानातलं प्रत्येक माप ३२ ने भागायचं. साडेपाच फुटी माणूस भागला की सव्वापाच सेंटिमीटर उरतो. नेहमी दिसणारी मॉडेलं एकास बहात्तर असतात. त्यांत वैमानिकाची जागा म्हणजे एक खळगा आणि खळग्यात डोकं असलेला एक ठिपका. तिथे चुका लपतात. बत्तीसात एकही चूक लपत नाही, आणि किमतीचं विचाराल तर घरात खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

पण स्पिटफायरच का? युद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात १३२ नंबरचं एक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, होतं. त्याचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे'. मुंबईकडून युद्धासाठी गेलेल्या पैशाची ती पोच. त्या काळी लोकांनी ५,००० पौंड जमवून दिले की एक स्पिटफायर दिलं असं धरत, आणि देणाऱ्याचं नाव विमानावर रंगवत. पैसा फार मोठा असेल तर नाव अख्ख्या स्क्वाड्रनला. बडोद्याच्या गायकवाडांमुळे १२४ नंबरचं स्क्वाड्रन 'बडोदा' झालं, तेही स्पिटफायरचंच. आता याचा अभिमान बाळगायचा का, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मार्क नाइन लढाईवर गेलं जुलै १९४२ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव' झालं. शहर तेच. एका हाताने साहेबाला विमान, दुसऱ्या हाताने साहेबाला दार. मला तर हे फार मुंबईचं वाटतं. आणि त्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर काय होतं? मागच्या पायांवर उभा राहिलेला बिबट्या, खाली लॅटिनमध्ये 'बिबट्यापासून सावध'. बोरिवलीच्या नॅशनल पार्काजवळ राहणाऱ्यांना हे लॅटिनमध्ये सांगायची गरज नाही.

खोका उघडला गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी. आत प्लॅस्टिकच्या चौकटी. त्यांना स्प्रू म्हणतात, आणि कैऱ्या डहाळीला लोंबाव्यात तसे भाग त्यांना लागलेले असतात. प्रत्येक भाग कटरने तोडायचा, त्याचा देठ पॉलिश पेपरने घासायचा. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचं, तिथे फेविकॉल चालत नाही. त्याला एक पाण्यासारखं पातळ सिमेंट लागतं. ते चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही कडा ओल्या होतात, एकमेकींत मिसळतात आणि वाळल्या की एकच तुकडा होतो. वेल्डिंगच म्हणा. त्यामुळे चुकीचं जोडलं की सुटका नाही.

कामाला सुरुवात होते वैमानिकाच्या जागेपासून, कारण ती आधी करून मग विमानाचं पोट दोन्ही बाजूंनी मिटायचं असतं. या चिंचोळ्या जागेत माझे साडेतीन महिने गेले. खुर्ची धातूची नाही, दाबून बनवलेल्या तांबूस-तपकिरी पदार्थाची, रंग थेट काताचा. विमान वळवायच्या दांड्याच्या वर मूठ नाही, तर फावड्याच्या मुठीसारखी गोल कडी आहे. पायांशी पायटे, म्हणजे पेडल, आहेत, ते दुमजली. आधी मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग कळलं, लढताना विमान जोरात वळवलं की रक्त पायांकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधार येतो. अशा वेळी पाय वरच्या पायट्यावर घ्यायचे, गुडघे पोटाजवळ येतात आणि शुद्ध थोडी जास्त टिकते. थोडी म्हणजे काही क्षण. खुर्चीचे पट्टे पितळेच्या कागदासारख्या पत्र्याचे असतात. ते गॅसच्या ज्योतीवर तापवून मऊ केले नाहीत तर खुर्चीवर पडत नाहीत, ताठच उभे राहतात. हे काम आमच्या ओट्यावर, आमटी उकळत असताना, परवानगी न घेता केलं.

दाराच्या आतल्या बाजूला एक पहार असते. हो, पहार! वरचा काचेचा घुमट अडकला तर तो उचकटून बाहेर पडायला. माझ्या मापात ती तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. मी ती हौसेने लाल रंगवली, कारण सगळे लालच रंगवतात. नंतर युद्धातले जुने फोटो नीट बघितल्यावर वाटलं की तेव्हा ती अशी भडक नसावी, म्हणून रंग खरवडायला घेतला, आणि ती चिमट्यातून जी उडाली ती थेट पलंगाखाली. दोन दिवस विजेरी घेऊन फरशीवर आडवा होतो. शेवटी कामाला येणाऱ्या मावशींनी केरातून उचलून विचारलं, "दादा, हे नख आहे की तुमचं काही?"

श्रोतेहो, पहार परत बसवताना मी पहिल्यांदा नीट बघितलं की वैमानिकापुढे काय आहे. घड्याळं आणि काटे असलेली पाटी. पाटीपलीकडे एक मोकळी जागा, माझ्या मॉडेलमध्ये सुमारे दोन बोटांची. तिच्यापलीकडे आगरोधक पत्रा, आणि मग इंजिन. ही दोन बोटांची जागा कशाची? पेट्रोलची. एकावर एक अशा दोन टाक्या, मिळून ८५ गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर. स्पिटफायरचे पंख इतके पातळ आणि बंदुकांनी इतके भरलेले की टाकीला बरी जागा उरली ती वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे. पुस्तकांतल्या आकृत्यांत मी हे शंभर वेळा पाहिलं असेल. पण पाटीचा तुकडा चिमट्यात धरून, मागे खुर्ची, पुढे टाकी, असा मधे बसवताना हाताला जे कळलं ते आकृतीत कळलं नव्हतं.

आणि मग जेफ्री पेज आठवले. १२ ऑगस्ट १९४० ला हा २० वर्षांचा मुलगा हरिकेन विमान घेऊन जर्मन बॉम्बर्सवर गेला. हरिकेनमध्येही एक टाकी अशीच पाटीपुढे. गोळ्या लागल्या, टाकी पेटली आणि ज्वाळा आत शिरल्या. हात आणि चेहरा भाजला. पॅराशूटने तो समुद्रात पडला, वाचला. पुढे ईस्ट ग्रिनस्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यचिकित्सकाने अशा भाजलेल्या मुलांना नवे हात, नव्या पापण्या करून दिल्या. उपचार नवे, एकेकावर कितीतरी शस्त्रक्रिया. पोरांनी आपल्या कंपूचं नावच ठेवलं 'गिनी पिग क्लब', प्रयोगशाळेतल्या त्या गरीब प्राण्यावरून. पेज त्यातल्या पहिल्यांपैकी. हा माणूस बरा झाला आणि पुन्हा लढाऊ विमानात जाऊन बसला, पेट्रोल गुडघ्यांपुढे घेऊन. १९४४ मध्ये तो एका स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. कुठल्या? १३२. सिटी ऑफ बॉम्बे.

पोट मिटायच्या आदल्या रात्री मी आतलं सगळं पुन्हा एकदा भिंगातून बघून घेतलं. पायटे, कडी, पहार. मिटल्यावर वरच्या फटीतून खुर्चीची पाठ आणि कडीचा अर्धा भाग दिसतो, बस्स.

रंगकामाबद्दल फार बोलत नाही, कारण माझंच हसं होईल. वेळापत्रक घसरलं आणि रंग आला ऐन जुलैत. डोंबिवलीचा जुलै! रंग फवारायच्या एअरब्रशच्या नळीत पाणी जमतं आणि रंगाबरोबर थुंकतं. लॅकरचा रंग दमट हवेत मारला की वर पांढुरकी साय धरते, पापडाला बुरशी आल्यासारखी. करड्या रंगाचे दोन हात असे वाया गेले. दोन्ही वेळा सगळं घासून काढलं. तिसऱ्यांदा खोलीत एसी लावून, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबून मारला.

मग पट्टे. जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरायच्या होत्या, आणि आपल्याच लोकांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून पंखांवर आणि शेपटीकडे काळे-पांढरे पाच पट्टे काढायचा हुकूम निघाला. प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, माझ्याकडे १४ मिलिमीटर. मी मास्किंग टेप लावून असे सुरेख पट्टे मारले की बघत राहावं. सकाळी चहा पिताना पुन्हा बघितले आणि लाज वाटली. ते पट्टे तळावरच्या पोरांनी शेवटच्या घटकेला, हाताला लागेल त्या कुंचल्याने ओढलेले होते. माझे दिवाळीच्या रांगोळीसारखे दिसत होते. मग बारीक कुंचला घेऊन कडा मुद्दाम बिघडवल्या. सरळ रेघ मारण्यापेक्षा खरी वाटेल अशी वाकडी रेघ मारणं अवघड असतं, हे मात्र खरं. स्क्वाड्रनची 'एफ एफ' ही अक्षरं खोक्यात नव्हती. ती टेपमध्ये कापून घेतली, १९ मिलिमीटर उंचीची.

हे स्क्वाड्रन १९४५ च्या सुरुवातीला सिलोनमध्ये आलं, आता समोर जपान म्हणून. तिकडच्या विमानांवरच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका आधीच पुसून टाकला होता, जपानी सूर्य समजून कोणी गोळ्या घालू नयेत म्हणून. आणि माझं मॉडेल कुठलं? जपानचंच. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचं. जून १९४५ मध्ये अमेरिकन बॉम्बर्सनी जाळलेलं हे शहर. कंपनी सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात, पुढे लाकडी खेळण्यांवरून प्लॅस्टिकवर आली. आज त्या गावचे लोक इंग्रजांचं विमान इतक्या निगुतीने करतात की इंजिनावरची झाकणं हवी तेव्हा काढता-लावता यावीत म्हणून आत तिळाएवढी लोहचुंबकं देतात. डिंक नाही, खिळा नाही.

त्यांतलंच हे झाकण. इंजिनाची पुढची पट्टीही मी सोबत आणलीय, चुंबक तिच्यावर आहे. माइकच्या जवळ धरतो. नीट ऐका हं.

टक.

आलं ऐकू? पुन्हा करतो.

टक.