कीवर्ड आधी काउंटरवर ऐकू येतो

(नागपुरातल्या छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आज समोर इतवारीतले दुकानदार आहेत, हिंगणा एमआयडीसीत लहानसा कारखाना चालवणारे आहेत, घरून मसाले आणि लोणची विकणाऱ्या ताई आहेत. वेबसाइट जवळपास सगळ्यांकडे आहे आणि गाऱ्हाणंही एकच आहे: गूगलवर आमचं पान दिसत नाही. कोणत्या शब्दाला दिसायला हवं, असं विचारलं की उत्तर येतं, 'साडी', 'कूलर', 'संत्रा'.

अशा एकेरी शब्दांवर खरेदीच्या मोठ्या साइट, विकिपीडिया आणि वर्तमानपत्रं ठाण मांडून बसली आहेत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं तेच या विचारावर, की ज्या पानाचा हवाला इतर पानं देतात त्याला वजन जास्त. आज क्रम ठरवताना आणखी पुष्कळ गोष्टी बघितल्या जातात, पण ते वजन गेलेलं नाही. वर्षानुवर्षं असे हवाले मिळवलेल्या साइटला 'साडी' या शब्दावर मागे टाकायला निघालात तर उमेद आणि पैसा दोन्ही संपेल. शिवाय नुसतं 'साडी' लिहिणाऱ्याला फोटो बघायचेत, नेसायला शिकायचंय की विकत घ्यायचीय, हे कळायला मार्गच नसतो.

म्हणून कमी स्पर्धेचा कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात तो शब्द किंवा वाक्य, शोधायचा. इथे एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण त्यापायी बरीच मेहनत वाया जाते. गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या जाहिरातदारांसाठीच्या साधनात स्पर्धेचा एक रकाना असतो: कमी, मध्यम, जास्त. तो रकाना जाहिरातदारांपुरता आहे. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण धडपडतात, एवढंच तो सांगतो. जाहिरातीशिवाय वर येणं सोपं की कठीण, याच्याशी त्याचा संबंध नाही. एखाद्या आजाराच्या नावावर जाहिरात देणारं कोणी नसेल, तरी पहिल्या पानावर मोठी रुग्णालयं आणि सरकारी संस्था बसलेल्या असतात. इतर कंपन्यांची साधनं शून्य ते शंभर असा कठीणपणाचा आकडा देतात. तो ज्या-त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज, गूगलचा त्यात हात नसतो. मराठी शब्दांबद्दल तर या साधनांकडे माहितीच इतकी तोकडी असते की पुष्कळदा समोर शून्य येतं.

त्या शून्याला घाबरू नका. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच कोणी केलेले नसतात, असं गूगल स्वतःच सांगत आलं आहे. माणसं स्वतःच्या अडचणीप्रमाणे, स्वतःच्या वाक्यात विचारतात. ते वाक्य कोणत्याही तक्त्यात येण्याआधी तुमच्या काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. मला आज मुख्य हेच सांगायचं आहे.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी नावाजलेलं आहे. समजा, तुमची तिकडे रोपवाटिका आहे आणि 'संत्रा रोपे' या शब्दाला वर यायचं, असं तुमच्या मनात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर फोन वाजायला लागतात, तेव्हा शेतकरी काय बोलतो ते आठवा. "कलम जंभेरीवर आहे की रंगपूर लाइमवर?" "माझी जमीन भारी आहे, पाणी साचते, कोणता खुंट चालन?" "डोळा जमिनीपासून किती वर भरला?" "जुनी बाग डिंक्यानं गेली, त्याच वावरात पुन्हा संत्रा लावू का?"

(शेतीबाहेरच्यांसाठी: खुंट म्हणजे ज्या रोपाच्या मुळांवर संत्र्याचा डोळा भरतात ते रोप; जंभेरी आणि रंगपूर लाइम हे असे दोन खुंट. डिंक्या म्हणजे झाडातून डिंक गळायला लावणारा रोग.) हे प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवा. 'भारी जमिनीत संत्र्यासाठी कोणता खुंट' हे महिन्याभरात दहा जणांनीच शोधलं असं धरा. ते दहा जण कोण? ज्यांचं वावर ठरलंय, पैशाची सोय झालीय आणि निर्णय आठ-पंधरा दिवसांवर आलाय. सहा बाय सहा मीटरवर लागवड केली तर हेक्टरी २७७ कलमं लागतात. दहांतला एक जरी तुमच्याकडे वळला तरी एका हेक्टरची मागणी हातात आली. 'संत्रा' या शब्दावरून हजारो लोक येऊन रस कसा टिकवायचा ते वाचून गेले, तर तुमचं एक कलमही विकलं जाणार नाही.

आणि या प्रश्नाचं उत्तर तुमच्याइतकं चांगलं कोण देईल? डिंक्याची बुरशी मातीत असते, पाण्याबरोबर पसरते, म्हणून डोळ्याचा जोड मातीला टेकता कामा नये, हे तुम्ही रोज गिऱ्हाइकाला समजावता. तेच पानावर लिहा. तुमच्या वाफ्यातल्या कलमाला फुटपट्टी लावून जोडाची उंची दाखवणारा फोटो टाका. जंभेरी कोणत्या जमिनीत द्यायची आणि कोणाला तुम्ही स्वतःहून नको म्हणता, तेही लिहा. खरेदीच्या मोठ्या साइटकडे हे ज्ञान नाही. त्यांच्या पानावर किंमत आणि 'कार्टमध्ये टाका' एवढंच असतं.

आता शब्द सापडला, पण जागा खरंच मोकळी आहे का? त्यासाठी निकालाचं पान डोळ्यांनी वाचा. ब्राउझरची खासगी विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल, आणि तो प्रश्न टाका. पहिले दहा निकाल एकेक उघडून बघा. कुठे पीडीएफ आलीय, कुठे प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा अर्धवट धागा आलाय, कुठे यंत्रानं केलेलं मराठी भाषांतर आहे, कुठे शीर्षकात खुंटाचा उल्लेखच नाही, असं दिसलं तर समजा की गूगलकडे द्यायला चांगलं उत्तर नाही आणि हाताशी आहे तेच वाढतंय. याउलट कृषी विद्यापीठाचं किंवा इथल्याच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं नेमकं त्याच प्रश्नावरचं नीट पान आलं असेल, तर तो प्रश्न सोडा, वहीतला पुढचा घ्या. ही तपासणी कंटाळवाणी आहे. पण माझ्या मते कोणत्याही विकतच्या आकड्यापेक्षा ती भरवशाची आहे.

आपल्या नागपुरात आणखी एक गोष्ट धरून चाला. इथलं गिऱ्हाईक एकाच दमात मराठी-हिंदी बोलतं, आणि मोबाइलवर मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत टाइप करतं. म्हणून तोच प्रश्न देवनागरीत, इंग्रजी लिपीत आणि हिंदीत असा शोधून बघा. निकाल वेगळे येतील. मात्र प्रत्येक रूपासाठी वेगळं पान करू नका, कारण गूगल आता नुसते शब्द जुळवत नाही. वाक्याचा अर्थ समजून घेणारी बर्ट ही पद्धत गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून जास्त भाषांसाठी लागू केली. त्यात मराठीही आहे. पानाच्या पोटात कीवर्डची यादी लपवून ठेवण्याचा सल्ला अजूनही कोणी देत असेल तर ऐकू नका. तो कीवर्ड टॅग आपण क्रमासाठी बघत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय.

मोकळी जागा दोन तऱ्हेची असते. एकीत विचारणारे आहेत पण उत्तर नाही. दुसरीत विचारणाराच नाही. दुसरी ओळखायला शोधाच्या चौकटीत पहिले दोन शब्द लिहून थांबा आणि खाली कोणत्या सूचना येतात ते बघा. 'लोक हेही विचारतात' हा भागही उघडा. तिथेही काही नाही, फोनवर कधी कोणी विचारलं नाही, आणि केवळ आपल्याला शब्द आवडला म्हणून पान लिहायचंय, तर लिहू नका.

पान टाकल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या, मग सर्च कन्सोल हे वेबसाइटच्या मालकांसाठीचं गूगलचं साधन उघडा. ते फुकट आहे आणि १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं. त्यात तुमचं पान कोणत्या शोधांना दिसलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर, ते कळतं. साधारण आठ ते वीस या क्रमांकांमध्ये अडकलेले शोध वेगळे काढा. त्यात असे प्रश्न सापडतात ज्यांचं उत्तर तुम्ही पानात ओझरतं दिलेलं असतं. तो परिच्छेद वाढवा, त्याला प्रश्नाच्याच शब्दांत उपशीर्षक द्या. नवं पान लिहिण्यापेक्षा हे काम लवकर फळ देतं.

शेवटी कूलर दुरुस्तीवाल्या बंधूंनी विचारलेला प्रश्न घेतो. त्यांच्या वेबसाइटवाल्यानं सुचवलंय की 'कूलर दुरुस्ती धंतोली', 'कूलर दुरुस्ती जरीपटका', 'कूलर दुरुस्ती मनीषनगर' अशी मजकूर तोच ठेवून चाळीस पानं करू. कृपा करून करू नका. फक्त नाव बदललेल्या अशा पानांना गूगलच्या धोरणात स्पॅम धरलं आहे. एकच पान करा. कोणत्या भागात जाता, घरी येण्याचे किती घेता, घास बदलायची की सेल्युलोजचं पॅड बसवायचं, पाण्याला वास का येतो, पंप आवाज करतो पण पाणी चढत नाही तेव्हा आधी काय तपासायचं, हे सगळं त्यात येऊ द्या, आणि मार्च लागायच्या आत ते तयार ठेवा.

जरीपटक्यातल्या माणसाला तुम्ही दिसाल की नाही, हे बरंचसं नकाशावरच्या तुमच्या बिझनेस प्रोफाइलवर ठरतं. तिथे गूगल शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक बघतं. अंतर तुमच्या हातात नाही, नावलौकिकाला वेळ लागेल. जुळणीचं काम मात्र आज घरी गेल्यावर करता येईल: प्रोफाइलमध्ये व्यवसायाचा प्रकार म्हणून नुसतं 'इलेक्ट्रिकल्स' लिहिलं असेल तर ते बदला, आणि कोणकोणत्या दुरुस्त्या करता त्या एकेक करून सेवांमध्ये भरा.