पुन्हा फळीवर

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा जुना स्केटबोर्ड खाली आला. मामांनी अमेरिकेहून आणलेल्या या फळीवर मी वयाच्या 13व्या वर्षापासून कॉलेज संपेपर्यंत सोसायटीच्या आवारात धडपडलो होतो. पुढे नोकरी लागली, संसार झाला आणि 22 वर्षे तिची आठवणही राहिली नाही. काचकागदासारख्या ग्रिप टेपचे कोपरे सुटले होते आणि चाक बोटाने फिरवताच जात्यासारखी घरघर झाली. बेअरिंग गंजली होती, पण ते किरकोळ: 608 मापाची आठ बेअरिंग आणली की काम होते.

खरा प्रश्न चाकांचा होता. चाकाचा कठीणपणा ड्यूरोमीटरच्या ‘ए’ मापात सांगतात. माझी जुनी चाके 99ए, म्हणजे गुळगुळीत सिमेंटवरच्या कसरतींसाठी केलेली. डांबरी रस्त्यावर त्यांच्यापुढे हरभऱ्याएवढा खडा आला तरी फळी जागीच अडते आणि वरचा माणूस एकटाच पुढचा प्रवास करतो. म्हणून मी 78ए ची मऊ, थोडी मोठी चाके बसवून घेतली.

हे ऐकून हितचिंतक लगेच स्केटबोर्डपटू अँडी मॅकडोनाल्ड यांचा दाखला देतात. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते वयाच्या 51व्या वर्षी ब्रिटनकडून पार्क, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट जागेत कसरती करण्याच्या प्रकारात उतरले होते आणि तिथेच महिलांच्या पार्क स्पर्धेत चीनची झेंग हाओहाओ अवघ्या 11 वर्षांची होती. दाखला उत्तम आहे, परंतु माझ्या कामाचा नाही, कारण मॅकडोनाल्ड यांनी फळी सोडलीच नव्हती.

मधला काळ गेलेल्या माणसाची अडचण निराळी असते. पाय मारणे, वळणे, तोल सावरणे हे मला अर्ध्या तासात आठवले. विसरलो होतो ते पडणे. लहानपणी आपण पोत्यासारखे लोळत पडतो, मोठेपणी मात्र पडू नये म्हणून हात ताठ पुढे करतो, आणि मग सगळ्या देहाचा भार मनगटावर येतो. वजनही तेव्हाच्या दुप्पट झालेले असते. त्यामुळे पहिले दोन आठवडे मी फळीला हात न लावता हिरवळीवर केवळ पडण्याचा सराव केला: गुडघे वाकवायचे, कोपर अंगाशी घ्यायचे आणि खांद्यावरून गडगडायचे. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड तर हवेतच. ते घालायला लाज वाटते, हे मात्र कबूल करतो.

आता दर रविवारी सकाळी साडेसहाला, गाड्या हलण्यापूर्वी, मी पार्किंगमध्ये ऑलीचा प्रयत्न करतो. मागचे टोक पायाने जमिनीवर आपटायचे आणि त्याच क्षणी पुढचा पाय घासत वर न्यायचा, म्हणजे फळी पायांसोबत हवेत उठते. गेल्या रविवारी ती दोन बोटे उठली. वॉचमनकाकांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत, फक्त आपली खुर्ची उचलून खांबाच्या पलीकडे नेऊन ठेवली.