थेरपी वाचली, पेशंट खंगला

श्रोतेहो, नमस्कार.

मानसोपचारात पंथ पुष्कळ. मनोविश्लेषणवाले बालपण उकरतात, वर्तनोपचारवाले सवयीला हात घालतात, विवेकनिष्ठवाले विचारांशी वाद घालतात. ग्रंथांत हे भांडण खुशाल चालावं. पण त्यात पेशंट सापडला तर?

डॉ. राफेल ओशेरॉफ हे अमेरिकेतले किडनीचे डॉक्टर. तीव्र नैराश्यामुळे १९७९ साली मेरिलँडच्या चेस्टनट लॉज या नामांकित रुग्णालयात दाखल झाले. तिथे सगळी भिस्त मनोविश्लेषणावर. आत्ममग्न व्यक्तिमत्त्वाचा दोष, असं निदान झालं. आठवड्याला चार सेशन, सात महिने, आणि नैराश्यावरची गोळी एकही नाही. वजन अठरा किलोंनी उतरलं. कॉरिडॉरमध्ये इतक्या येरझाऱ्या, की पाय सुजून फोड आले. त्या फोडांवर वेगळे उपचार करावे लागले. डॉक्टरांनी बैठक घेतली आणि ठरवलं काय, तर आहे तेच चालू ठेवायचं. औषध दिलं तर म्हणे थेरपीची घडी विस्कटेल!

शेवटी घरच्यांनी त्यांना कनेक्टिकटमधल्या सिल्व्हर हिलला हलवलं. तिथे औषधं सुरू झाली, तीन आठवड्यांत फरक दिसला, तीन महिन्यांत ते घरी आले. १९८२ साली त्यांनी चेस्टनट लॉजवर दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे कायद्याचा पायंडा काही पडला नाही. वाद मात्र पेटला. पुराव्यानं सिद्ध झालेला पर्याय पेशंटला सांगायलाच हवा, असं मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड क्लर्मन यांचं म्हणणं. उपचारांतले मतभेद कोर्टात मिटवायचे नसतात, असं त्यांच्याच पेशातल्या ॲलन स्टोन यांचं. स्टोन यांची धास्ती अगदीच पोकळ नव्हती. पण माझ्या मते दोष मनोविश्लेषणाचा नाही, त्या बैठकीचा आहे. माणूस डोळ्यांदेखत खंगत होता आणि चिंता होती थेरपीची.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीची व्याख्या नेमकी आहे: उपचाराचे फायदे, धोके आणि पर्याय, पेशंटला समजेल अशा भाषेत सांगून घेतलेली, तीच संमती. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: तुमची पद्धत कोणती? माझ्या त्रासावर दुसरा कोणता उपचार आहे? किती सेशननंतर आढावा घ्यायचा? आकडा वहीत लिहा. शेजारी दर आठवड्याची झोप, वजन आणि अडलेली कामं लिहा. "बरं वाटतंय का" या प्रश्नाला माणूस भिडेखातर हो म्हणतो, वजनकाटा म्हणत नाही. आणि थेरपिस्ट बदलायची वेळ आलीच, तर आपल्या केसच्या नोंदी मागून घ्या. तो हक्कही त्याच कायद्यात आहे. चालू औषध मात्र मधल्या काळात परस्पर बंद करू नका.