नदी, डोंगर आणि चिमणी

शाळेत चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र काढा म्हटलं की आपण सगळे तेच काढायचो, दोन डोंगर, मधून सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड, डोंगरात नारळ कुठून आला हे बाईही विचारायच्या नाहीत.

आता हे चित्र बघा. पाणी आहे, पण तो कालवा आहे. डोंगर म्हणजे कच्च्या मालाचे ढीग, झाडाच्या जागी चिमणी, आणि तिचा धूर असा काही वर गेलाय की ढग कुठला नि धूर कुठला कळत नाही. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शीलरनं 1930 मध्ये हे रंगवलं आणि नाव दिलं 'अमेरिकन लँडस्केप'.

ही जागा म्हणजे मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा फोर्डचा रूज प्लांट. एका बाजूनं बोटीतून लोखंडाचं खनिज आत यायचं आणि दुसऱ्या बाजूनं तयार गाडी बाहेर, काच, पोलाद सगळं तिथंच बनायचं, भट्टीतली धातूची मळी उरायची तिचंसुद्धा सिमेंट करायचे. 1927 च्या शेवटी शीलर इथे आला तो रंग घेऊन नाही, कॅमेरा घेऊन. जाहिरात एजन्सीचं काम होतं, फोर्डची मॉडेल टी गाडी बंद होऊन मॉडेल ए येत होती. सहा आठवडे तो इथे फिरला, फोटो काढले, गेला. चित्रं नंतर आली, त्या फोटोंवरून.

मला वाटतं चित्रातली ही शांतता तिथूनच आली असणार. कारण खरा रूज अजिबात शांत नव्हता हो, 75,000 च्या आसपास माणसं कामाला, भट्ट्या, प्रेस, मालगाड्या, कानठळ्या बसत असतील! फोटोत आवाज येत नाही, आणि चित्र काढताना त्यानं माणसंही काढून टाकली. 1931 च्या 'क्लासिक लँडस्केप'मध्ये तर कोणीच नाही, रूळ, सिमेंट साठवायचे उंच सायलो, लख्ख ऊन आणि कडक सावल्या, भर दुपारी झोपलेल्या गावासारखं.

गंमत म्हणजे हा माणूस शिकला चित्रकार विल्यम मेरिट चेस यांच्याकडे, म्हणजे सपासप ब्रश मारणारी स्कूल. इथे मात्र ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही, सगळं गुळगुळीत, हात लागलाच नाही जणू.

पण 1930 म्हणजे मंदी सुरू झालेली. मार्च 1932 मध्ये बेकार कामगार याच कारखान्यावर मोर्चा घेऊन आले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि त्याच वर्षी जवळच डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा भिंती रंगवायला लागला, त्याच रूजवरून, भिंतभर घाम गाळणारे कामगार. दोघांनी बघितला एकच कारखाना. शीलरला तिथे लँडस्केप दिसला. ते सुंदर आहे हे मी मान्य करतो, बघत राहावंसं वाटतं, पण रिव्हेरा बघून परत इकडे आलं की ती रिकामी जागा जरा टोचते.

थांबा, पुढे जाऊ नका. पहिल्या चित्राकडे परत या, झूम करा, रुळांजवळ बघा. नखाएवढासुद्धा नाही, पण आहे. एक माणूस. आणि तो धावतोय. एवढ्या निवांत दुपारी, सगळं स्तब्ध असताना, हा एकटाच धावतोय. शिफ्ट चुकत असावी असं मला आपलं वाटतं.