कॅप्टन सर: एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या नोंदवह्या

नागपूरच्या मधोमध उभी असलेली सीताबर्डीची टेकडी या शहरातला माणूस येताजाता पाहत असतो. मात्र तिच्यात त्याला काय दिसावे, हे तो काय शिकला आहे यावर ठरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई दिसते. अप्पासाहेब भोसल्यांचे मोठे सैन्य, समोर दीड हजारांहून कमी असलेली इंग्रजांची फौज, दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी जिंकून घेतलेली धाकटी टेकडी आणि त्यानंतर काही तासांतच फिरलेले पारडे, हे सारे त्याला आठवते. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला, गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर दिसतो. ज्यांच्याविषयी हा लघुपट आहे, त्या प्राध्यापकांना ही दोन्ही चित्रे एकदमच दिसतात, कारण पाच वर्षे ते सैन्यात अधिकारी होते आणि पुढची तीस वर्षे त्यांनी नागपूर विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवले.

आपले नाव या लघुपटात येऊ नये एवढीच अट त्यांनी घातली होती, आणि ती आम्ही पाळली आहे. विद्यार्थी त्यांना समोर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘कॅप्टन सर’. हे दुसरे नाव आपल्या कानावर कधी आलेच नाही, असा आव त्यांनी निवृत्त होईपर्यंत आणला.

त्यांचा जन्म १९४१ चा, इतवारीतला. वडील धान्यबाजारात मुनीम होते आणि मुलाने बँकेत चिकटावे अशी त्यांची इच्छा होती. मुलगा विज्ञान शाखेकडे गेला, बी.एस्सी. झाला आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनचे आक्रमण झाले. त्या युद्धानंतर सैन्याला तरुण अधिकाऱ्यांची तातडीने गरज भासली आणि देशभरातल्या महाविद्यालयांतून मुले इमर्जन्सी कमिशनसाठी, म्हणजे आणीबाणीपुरत्या अल्पमुदतीच्या अधिकारीपदासाठी, अर्ज करू लागली. त्यांतच यांचाही अर्ज होता. मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधले काही महिन्यांचे प्रशिक्षण संपवून १९६३ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात, दाखल झाले. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आपल्याला मुद्दाम सॅपर्समध्ये घेतले, असे मानायला मात्र ते तयार नाहीत. त्यांच्या मते जागा रिकामी होती आणि यांचे नाव यादीत वर होते, एवढेच.

सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांची कंपनी सियालकोट आघाडीवर होती. युद्धाच्या गोष्टी ऐकण्याच्या अपेक्षेने त्यांच्याकडे जाणाऱ्याची निराशा होते, आणि सुरुवातीला आमचीही झाली. रणगाड्यांची लढाई त्यांनी दुरून ऐकली, पाहिली फारशी नाही, असे ते सरळ सांगून टाकतात. सॅपर्सचे काम म्हणजे रणगाड्यांना नाल्यांवरून वाट करून देणे, पिण्याच्या पाण्याची सोय लावणे, आपले सुरुंग पेरणे आणि शत्रूचे काढणे. त्यांच्या बोलण्यात तपशील भरतो तो युद्ध थांबल्यानंतरच्या महिन्यांविषयी. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदचा करार झाला आणि फेब्रुवारीअखेर दोन्ही सैन्यांनी मागे फिरायचे ठरले. मागे फिरण्यापूर्वी आपणच पेरलेले सुरुंग उचलायचे होते.

सुरुंगक्षेत्र आखताना प्रत्येक क्षेत्राचे एक नोंदपत्रक तयार करतात. पटकन हलणार नाही अशी एखादी खूण, म्हणजे विहिरीचा कठडा किंवा मैलाचा दगड, प्रारंभबिंदू म्हणून धरायची. तिथून होकायंत्राने दिशा घ्यायची, पावलांनी नव्हे तर फितीने अंतर मोजायचे आणि ओळींची, सुरुंगांची संख्या लिहून खाली सही करायची. हे पत्रक नीट असेल तर सुरुंग उचलणारी तुकडी सरळ कामाला लागते. त्यांच्या वाट्याला आलेल्या एका पत्रकात प्रारंभबिंदू म्हणून झाड दिले होते, आणि ते झाड थंडीत कोणीतरी सरपणासाठी तोडून नेले होते. अशा वेळी सुईसारखी सळई घेऊन पोटावर झोपायचे आणि जमीन बोटबोट चाचपत पुढे सरकायचे, एवढाच मार्ग उरतो. त्या शेतात त्यांच्या तुकडीतल्या एका हवालदाराचा पाय गेला. हा प्रसंग त्यांनी आम्हाला दोन वाक्यांत सांगितला आणि लगेच नोंदपत्रकाच्या रकान्यांकडे वळले.

१९६८ मध्ये त्यांच्या तुकडीतले इमर्जन्सी कमिशनचे अधिकारी टप्प्याटप्प्याने मुक्त होत होते, आणि कॅप्टनपदावरून तेही घरी परतले. सेवेची वर्षे अपुरी असल्यामुळे या अधिकाऱ्यांना सैन्याचे निवृत्तिवेतन नव्हते. माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचे दार त्यांना उघडायला २०१९ साल उजाडावे लागले, आणि तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते. या विषयावर सर बोलत नाहीत. लघुपटात तो यायला हवा, असे आम्हाला मात्र वाटले.

सत्ताविसाव्या वर्षी, आपल्याहून पाच वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसून त्यांनी अर्धवट राहिलेले एम.एस्सी. पूर्ण केले आणि १९७१ मध्ये ते अधिव्याख्याता झाले. भूगर्भशास्त्र शिकवायला नागपूरसारखे गाव नाही, असे ते म्हणतात, आणि यात गावाविषयीच्या प्रेमाचा भाग असला तरी ते खोटे नाही. शहराच्या पश्चिमेकडे दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, येऊन संपतो, पूर्वेकडे त्याहून कितीतरी पटींनी जुना, पट्टेदार ग्नाइस खडक उघडा पडतो आणि उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म लागतो. कामठी म्हटले की नागपूरकराला १८२१ पासूनची छावणी आणि गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आठवते; भूगर्भशास्त्रज्ञाला त्याच नावाची खडकांची मालिका आठवते, आणि सिलेवाड्याच्या खाणींतल्या दगडांवर उमटलेली ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने आठवतात.

सरांनी संशोधनासाठी निवडला तो ‘इंटरट्रॅपियन’ थर, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीच्या परिसरात आढळणारा, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला गाळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तो सलग नव्हे, थांबत थांबत. एक प्रवाह निवाला की त्याच्यावरच्या खळग्यांत पाणी साचे, तळी तयार होत, काठावर झाडोरा वाढे, पाण्यात गोगलगायी होत; मग पुढचा प्रवाह येऊन ते सारे झाकून टाकी. त्या तळ्यांतल्या फायसा नावाच्या गोगलगायींचे शंख आजही या थरात मिळतात. पडद्यावर सरांच्या तळहातावर दिसतो आहे तो असाच एक शंख आहे: लांबी बोटाच्या एका पेराएवढी, रंग काळसर, आणि वेटोळे डावीकडे वळलेले. सामान्यतः शंख उजवीकडे वळतात. हा डावीकडे का, हा प्रश्न सर प्रत्येक तुकडीला पहिल्याच सहलीत विचारत आणि उत्तर मात्र वर्षअखेरीस देत.

या जीवाश्मांची पहिली पद्धतशीर नोंद करणारे स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी. १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पुराच्या नाल्यात ते बुडाले. सहलीची बस निघण्यापूर्वी सर ही हकिगत सांगत आणि शेवटी बजावत, “पोट्टेहो, हिस्लॉपसाहेब तुमच्यापेक्षा हुशार होते. नाल्याला पाणी असेल तर अलीकडेच थांबायचं.”

त्यांच्या शिकवण्याचे सारे मर्म फील्ड नोटबुकात होते, आणि या नोटबुकाचा धाक त्यांच्या विद्यार्थ्यांना अजूनही वाटतो. शाई पावसाने फुटते म्हणून लिहायचे कडक शिशाच्या पेन्सिलने. पानाच्या माथ्यावर तारीख आणि टोपोशीटचा, म्हणजे सर्वेक्षण नकाशाचा, क्रमांक, नागपूर परिसरासाठी तो ५५ ओ/४. त्याखाली जागा कशी सापडते याचे वर्णन, आणि इथेच सुरुंगक्षेत्राच्या नोंदपत्रकातली शिस्त जशीच्या तशी उतरलेली दिसते: दोन पक्क्या खुणा, दोन्हींवरून घेतलेल्या दिशा, फितीने मोजलेले अंतर. खूण म्हणून झाड चालत नसे. त्याचे कारण त्यांनी वर्गात कधीच सांगितले नाही. या लघुपटासाठी झालेल्या चित्रीकरणात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जी आज स्वतः प्राध्यापक आहे, ते पहिल्यांदा ऐकले. डाव्या पानावर जे दिसले तेवढेच लिहायचे, उजव्या पानावर रेखाटन, आणि आपले अनुमान काय ते रात्री मुक्कामी परतल्यावर, वेगळ्या पानावर. जागेवरच अनुमान लिहिणाऱ्याचे पान ते लाल रेघ मारून परत करीत. आम्हाला ही शिस्त अंमळ जाचकच वाटते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या काहींनी तसे स्पष्ट सांगितलेही. एका विद्यार्थ्याने तर याच कारणाने मार्गदर्शक बदलून घेतला होता. सरांना हे आठवते आणि त्या मुलाचा प्रबंध चांगला झाला, हेही ते आवर्जून सांगतात.

ते २००१ मध्ये निवृत्त झाले. आता वयाच्या मानाने चढण झेपत नाही, तरी थंडीच्या दिवसांत विद्यार्थी गाडीने नेतात तेव्हा ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि वर गेलेल्या मुलांना फोनवर विचारून विचारून भंडावून सोडतात. सध्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट त्यांच्या जुन्या नोटबुकांची छायाचित्रे घेऊन त्यांतल्या जागांची सूची तयार करतो आहे. नागपूर वाढले आणि टाकळीसारखा एके काळचा शिवार शहरातच आला. सत्तरच्या दशकात त्यांनी नोंदवलेल्या कित्येक जागांवर आज घरे, रस्ते आणि दुकाने उभी आहेत. अशा जागा सूचीतून गाळाव्यात, असे काम करणाऱ्या मुलांचे म्हणणे होते. सरांनी ते साफ नाकारले. खडक घराच्या पायाखाली गेला म्हणून तो नाहीसा होत नाही, उद्या तिथे विहीर किंवा तळघर खोदले तर तोच थर पुन्हा उघडा पडेल आणि तेव्हा ही नोंद लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलांनी ते मान्य केले. सूची आता १९७८ पर्यंत आली असून प्रत्येक बुजलेल्या जागेपुढे तिथे आज काय उभे आहे, याचा एक वेगळा रकाना जोडण्यात आला आहे.